ट्रॉलीचा तोल : माल किती भरला यापेक्षा कुठे भरला हे पाहा

कापडाच्या धंद्यात आपण मीटरमीटरचा हिशेब ठेवतो. भाव घासतो, भाडे घासतो, हमालीचे पैसेही घासतो. पण तोच माल गाडीत कोणत्या जागी ठेवला जातो हे पाहायला आपल्यापैकी फार थोडे लोक दारात उभे राहतात. ते काम आपण हमालावर आणि ड्रायव्हरवर सोडून देतो. मीही तीस वर्षे तेच केले. २०२१ च्या पुरात त्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली. म्हणून हा लेख लिहीत आहे.

कोल्हापूरच्या वाचकांना पुराची हकिकत नव्याने सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या लहान मुलालाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कित्येक फूट वर चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि सखल पेठांतील दुकाने पाण्यात गेली. त्या वेळी आमच्या गोदामातील खालच्या दोन फळ्यांवरचा माल भिजला. म्हणून जुलै २०२१ मध्ये पाणी चढू लागताच आम्ही वेळेवर माल हलवायचे ठरवले. टेम्पोवाले त्या रस्त्याने यायला तयार नव्हते. फूट-दीड फूट पाण्यातून येणारे वाहन म्हणजे ट्रॅक्टर. एक ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली भाड्याने मिळाली.

घाईत काय झाले

गोदामात दाराजवळ साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे हलके खोके होते. कोऱ्या कापडाच्या जड गाठी आत, भिंतीला लागून होत्या. ट्रॉली मागे घेऊन दाराला लावली. साहजिकच जे हाताशी होते ते आधी भरले गेले. हलके खोके ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीपर्यंत गेले आणि जड गाठी शेवटी, मागच्या फाळक्याजवळ आल्या. चार गाठी उरल्या, त्या फाळका पाडून त्यावरच ठेवल्या. वरून दोर टाकला. उतरवायला माणूस पाहिजे म्हणून एक हमाल मालावरच बसला. मी त्याला "बस" म्हटले नाही, पण "उतर" असेही म्हटले नाही.

गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना छोटा चढ आहे. रोज सायकलवाले चढतात असा चढ. तिथे ट्रॅक्टरची मागची मोठी चाके जागच्या जागी फिरू लागली. ट्रॉलीचे शेपूट खाली बसले, हुकाची बाजू वर उचलली गेली आणि सगळी गाडी चिखलात मागे सरकून आडवी झाली. दोर तुटला. मागच्या गाठी घसरल्या आणि त्यांच्याबरोबर वर बसलेला गडीही खाली आला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पण पुढचे सहा महिने त्याच्या हातून ओझे उचलले गेले नाही. त्यानंतर तो या धंद्यात परतलाच नाही. माझा माल सुरक्षित राहिला. त्याची रोजी गेली.

त्या दिवशी ट्रॉलीत माल जास्त नव्हता. तेवढाच माल त्याच ट्रॉलीने आधीही गेला होता. फरक फक्त जागेचा होता.

बैलगाडीचे जुने शहाणपण

पूर ओसरल्यावर उद्यमनगरात ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो आणि असे का झाले ते विचारले. त्यांनी मलाच विचारले, "शेठ, बैलगाडी कधी भरलीय का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग एखाद्या ऊसवाल्या गाडीवानाला विचारा. गाडी उलाळ झाली म्हणजे काय ते तो सांगेल."

आपल्याकडचा ऊस वाहणारा गाडीवान हे शास्त्र बापाकडून शिकतो. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे गेला तर जू मानेवर दाबते आणि बैल गुडघ्यावर येतात. म्हणून तो भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. मानेवर थोडे वजन राहिले पाहिजे, पण थोडेच. चढ लागला की भार आपोआप मागे झुकतो. मग गाडीवान स्वतः पुढे सरकून दांडीवर बसतो.

दोन चाकांची ट्रॉली म्हणजे बैलगाडीच आहे. आस तीच, दांडी तीच. जुवाच्या जागी हुक आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर. बैल मान हलवून तक्रार करतो. ट्रॅक्टर तक्रार करत नाही, एकदम उलटतो.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

मिस्त्रींनी कागदावर जो हिशेब मांडला तो कोणालाही समजेल असा आहे. समजा, ट्रॉलीचा हौदा दहा फूट लांब आहे. हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून आस सहा फुटांवर आहे. भिंतीच्या पुढे चार फूट दांडी आणि टोकाला हुक. म्हणजे हुकापासून आसापर्यंत दहा फूट. माल तीन हजार किलो. त्यात दोन हजार किलो जड गाठी आणि एक हजार किलो हलके खोके. ट्रॉलीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवू आणि केवळ मालाचा विचार करू.

नियम एवढाच : प्रत्येक ढिगाचे वजन घ्यावे आणि त्या ढिगाचा मध्य आसापासून किती फूट आहे त्याने गुणावे. आसाच्या पुढचे जमा, मागचे नावे. शिल्लक काढून तिला दहाने भागावे. येईल तो हुकावरचा भार.

पहिली तऱ्हा : पुढच्या अर्ध्या हौद्यात गाठी, मागच्या अर्ध्यात खोके. गाठींचा मध्य आसाच्या साडेतीन फूट पुढे, म्हणून जमा ७,०००. खोक्यांचा मध्य दीड फूट मागे, म्हणून नावे १,५००. शिल्लक ५,५००. हुकावर ५५० किलो.

दुसरी तऱ्हा : आम्ही केली ती. पुढे खोके, मागे गाठी. जमा ३,५००, नावे ३,०००. शिल्लक फक्त ५००. हुकावर अवघे ५० किलो. त्यातून फाळक्यावर आणखी गाठी टाकल्या की ही शिल्लकही संपते आणि हुक वर उचलू लागतो.

तिसरी तऱ्हा : गाठी मधल्या चार फुटांत, म्हणजे पुढच्या भिंतीपासून तीन ते सात फुटांपर्यंत. खोके अर्धे पुढच्या तीन फुटांत आणि अर्धे मागच्या तीन फुटांत. गाठींचा मध्य आसाच्या एक फूट पुढे, जमा २,०००. पुढच्या पाचशे किलो खोक्यांचे जमा २,२५०. मागच्या पाचशे किलोंचे नावे १,२५०. शिल्लक ३,०००. हुकावर ३०० किलो, म्हणजे मालाचा दहावा हिस्सा.

माल तोच, ट्रॉली तीच, भाडे तेच. केवळ मांडणी बदलली आणि हुकावरचा भार ५५०, ५० आणि ३०० किलो असा बदलत गेला.

आता यात चढ धरा. मालाचा मध्य आसापेक्षा चार फूट उंच असेल आणि दहा फुटांना एक फूट असा चढ असेल, तर हुकावरचे सुमारे १२० किलो कमी होतात. तिसऱ्या तऱ्हेत १८० उरतात, गाडी चढून जाते. दुसऱ्या तऱ्हेत ५० मधून १२० वजा करायचे आहेत. म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला मागून वर उचलते. मागच्या चाकांवरचे वजन कमी झाले की ती चाके चिखलात पकड सोडणारच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेमके हेच झाले. जितका थर उंच, तितका हा तोटा मोठा. म्हणूनच जड माल नेहमी तळाला पाहिजे.

पुढे जास्त भार टाकणे हाही उपाय नव्हे. ट्रॅक्टरचा हुक मागच्या आसाच्याही मागे असतो. समजा तो दोन फूट मागे आहे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत सहा फूट अंतर आहे. हुकावर ६०० किलो आले की पुढच्या चाकांवरचे २०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते. चढावर जोर देताच ट्रॅक्टरचे तोंड वर येते आणि वळवायला गेले तरी वळत नाही. असा ट्रॅक्टर मागे उलटला तर ड्रायव्हर सापडतो तो स्टिअरिंग आणि जमीन यांच्यामध्ये.

परदेशातही हाच नियम

अमेरिकेत हौशी लोक मोटारीमागे राहण्याची ट्रॉली जोडून फिरतात. तिच्या मागच्या भागात मोटारसायकली ठेवायची खोली असते. त्या प्रकाराला तिकडे 'टॉय हॉलर' म्हणतात. खेळणी म्हणजे या मोटारसायकली. आता जड वस्तू अगदी शेपटाला आल्या की काय होणार हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. हमरस्त्यावर वेग घेतला की ट्रॉलीचे शेपूट सापासारखे डोलू लागते आणि शेवटी पुढच्या मोटारीलाही फिरवून टाकते. म्हणून तिकडचा ठोकताळा असा आहे की भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, आणि मालाचा साधारण साठ टक्के भाग पुढच्या निम्म्यात ठेवावा. आपला गाडीवान जे अंदाजाने करतो, तेच त्यांनी टक्क्यांत लिहून ठेवले आहे.

आपला ट्रॅक्टर मोटारीच्या वेगाने धावत नाही. पण रिकाम्या महामार्गावर पोरे ट्रॅक्टर पळवतात तेव्हा मागची ट्रॉली कशी हलते ते गाळपाच्या हंगामात पाहावे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर मागचीचे डोलणे आणखी वाढते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारू नये. आधी वेग हळूहळू कमी होऊ द्यावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

चार चाकांची ट्रॉली आणि टेम्पो

चार चाकांच्या ट्रॉलीत पुढचा आस फिरता असतो. तिथे मालाचे वजन हुकावर येत नाही, त्यामुळे उलाळ होण्याची भीती नाही. पण तिचा धोका वळणावर आहे. पुढचा आस वळला की त्या बाजूचा आधार अरुंद होतो. माल उंच असेल किंवा एका अंगाला जास्त असेल तर ट्रॉली कलंडते. म्हणून तिथे डावे-उजवे सारखे आणि थर बुटका, हा नियम.

टेम्पो आणि पिकअपमध्येही जड माल केबिनच्या भिंतीपासून मागे रचत यावे, पण मागच्या आसाच्या पलीकडे जड काही ठेवू नये. करूळ, आंबा, फोंडा या घाटांनी कोकणच्या बाजारांना जाणाऱ्या भावांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चढावर पुढची चाके हलकी होतात आणि उतारावर सगळा माल केबिनकडे धावतो. समोर आणि मध्ये मोकळी जागा राहिली की माल त्या जागेत घसरतो आणि तेवढ्यात तोल जातो.

आपल्या मालाचा एक खास गुण आहे. सुती गाठी एकमेकींवर घट्ट बसतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतील सिंथेटिक साड्यांचे पार्सल मात्र एकमेकांवरून साबणासारखे घसरते. अशा पार्सलांच्या दोन थरांमध्ये गोणपाट घालावे. आणखी एक गोष्ट. सुती कापड भिजले की ते पॉलिएस्टरपेक्षा फार जास्त पाणी धरते. पावसात निघालेली ट्रॉली पोहोचेपर्यंत जड झालेली असते, आणि जी बाजू उघडी ती जास्त जड. ताडपत्री मालाच्या बचावासाठी तर हवीच, ती तोलासाठीही हवी.

आमच्या गोदामातील आताची पद्धत

१. माल दारात आल्यावर आधी जड-हलके वेगळे करावे. दाराजवळचे हलके खोके बाजूला ठेवून जड गाठी आधी बाहेर काढाव्यात. यात अर्धा तास जास्त जातो. तो जाऊ द्यावा.

२. ट्रॉलीच्या बाजूच्या फळीवर आसाच्या बरोबर वर खडूने किंवा रंगाने रेघ मारावी. जड माल त्या रेघेच्या आसपास, थोडा पुढे झुकता आणि तळाला. मागच्या टोकाला नेहमी हलका माल.

३. फाळका पाडून त्यावर माल ठेवायचा नाही. उरला तर दुसरी खेप करावी.

४. दोर नुसता वरून टाकू नये. आडवा आणि तिरपा बांधावा. पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणावा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो.

५. हुकाची पिन बसली का, तिला खिट्टी आहे का आणि सुरक्षेची साखळी लावली का, हे स्वतः पाहावे. हुक मूळ जागेपेक्षा उंच जोडू नये. ओढ वरून बसली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते.

६. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेतात ते ठीक आहे. रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने जोडलेलेच पाहिजेत, नाहीतर एकच चाक धरते आणि गाडी कातरीसारखी मिटते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणून उतार लागण्याआधीच गियर खाली घ्यावा. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवू नये.

७. मालावर माणूस बसणार नाही. हमालाला दुसऱ्या गाडीने पाठवावे किंवा रिक्षाचे पैसे द्यावेत. या बाबतीत आमच्याकडे आता सूट नाही.

८. रात्री निघायचे असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर आणि पट्ट्या लावाव्यात. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून किती मोटारसायकलवाले गेले हे आपण दरवर्षी वाचतो.

तोल बरोबर झाला का, हे कळायला दोन खुणा आहेत. स्टिअरिंग हलके लागले तर भार फार पुढे आहे. हुकाची पिन वर-खाली खडखडत असेल तर भार मागे आहे. खात्री करायची असेल तर वजनकाट्यावर जावे. ट्रॅक्टर जोडलेला असताना फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर घेऊन वजन पाहावे. मग चाकांना दगड लावून, स्टँड टेकवून, ट्रॅक्टर सोडून पूर्ण ट्रॉलीचे वजन पाहावे. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. एकदा ही तऱ्हा सापडली की त्या ट्रॉलीसाठी दर वेळी काट्यावर जावे लागत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणीत लिहिल्यापेक्षा जास्त वजन नेता येत नाही. कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड लिहिला आहे. माल हौद्याबाहेर बाजूला, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेला तर त्यालाही वीस हजारांचा वेगळा दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात स्पष्ट केले की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवावाच लागतो. म्हणजे "पावती फाडली, आता चला" हा आपला समज चुकीचा आहे.

शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर व्यापाराचा माल भाड्याने वाहत असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो. मालावर बसलेल्या माणसाचेही तेच. म्हणून गाडी ठरवताना भाड्याबरोबर तिची कागदपत्रेही पाहावीत.

मीजान

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला मीजान हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक म्हणजे तराजू. दुसरा म्हणजे वहीच्या पानाखाली येणारी एकूण बेरीज. सूरह रहमानमध्ये अल्लाहने मीजानचा उल्लेख केला आहे आणि तोलात अतिरेक करू नका असे बजावले आहे. आपण त्याचा अर्थ दुकानातल्या तराजूपुरता घेतो. मापात मारत नाही म्हणून आपण समाधानी असतो. पण जो माणूस आपला माल उचलतो, जो ड्रायव्हर तो ओढतो आणि जो परका माणूस रस्त्याने समोरून येतो, त्यांचाही हक्क या तोलात आहे. त्यांचा जीव आपल्याकडे अमानत आहे.

काही भाऊ म्हणतात, "नशिबात असेल ते होईल." उंटाला आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. दोर ताणून बांधणे, रेघेवर गाठ ठेवणे आणि हमालाला मालावरून खाली उतरवणे हे उंट बांधण्याचेच काम आहे.

तो हमाल आता एका दुकानात बसून पावत्या लिहितो. अधूनमधून आमच्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात ट्रॉली भरत असताना तो दारात उभा राहिला, खडूची रेघ पाहिली आणि म्हणाला, "चाचा, आता बरोबर आहे." पंचगंगा पुन्हा चढेल आणि आपल्याला पुन्हा घाईत माल हलवावा लागेल. त्या घाईआधीच, आजच आपल्या ट्रॉलीवर ही रेघ मारून ठेवा. अल्लाह आपल्या सर्वांची रोजी आणि रस्ते सलामत ठेवो. आमीन.